चोवीस पेरं

बाईनं आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, काय झालं तेही सांगितलं, आणि फादर इनास नेहमीसारखं म्हणाले, "बरं, बरं. बस. घरी सगळे ठीक ना?" गेली दोन वर्षं या वाक्यानं त्यांना चांगली साथ दिली होती. समोरचा माणूस कोण ते कळलं नाही तरी तो या प्रश्नावर बोलू लागे आणि त्याच्या बोलण्यातून एखादं गाव, एखादं नातं हाती लागे. आज बाई बसली नाही. पर्स छातीशी धरून ती म्हणाली, "ठीक कसे राहतीन, फादर? आत्ताच तर सांगतलं तुमाले. माय गेली. काल संध्याकाळी सहा वाजता." अमरावतीतल्या निवृत्त धर्मगुरूंच्या घराचा तो व्हरांडा सकाळच्या त्या वेळी नेहमी शांत असे. पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या दुसऱ्या एका फादरांनी पान उलटायचं थांबवलं. आपण पकडले गेलो आहोत हे फादर इनासना कळलं. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, वसईच्या शाळेत पाठांतर अडलं की व्हायच्या तशा.

बाईचं नाव दीक्षा. वय छत्तिशीच्या आसपास, नोकरी अकोल्यात सरकारी नर्सची. आईचं नाव सुंदराबाई. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटशी बोलावं तसं. मायचा देह अकोल्याच्या घरी शीतपेटीत आहे. मायला ख्रिश्चन कबरस्तानात पुरायचं आहे, तिच्या लेकराशेजारी. पण अकोल्याच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तिचं नाव नाही. तिथले फादर विल्यम म्हणतात, नोंद नाही तर कोणीतरी साक्ष द्या. साक्ष देणारा एकच माणूस आहे. भावानं तीन वाजेपर्यंत थांबायचं कबूल केलंय, त्यानंतर तो मोक्षधामात नेणार. "तुमीच देला होता ना बाप्तिस्मा," दीक्षा म्हणाली. "माय सांगे. तुमीच म्हणाले होते, वहीत नाई लिहत, देवाजवळ लिहेल हाय." फादर इनासनी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर ठेवला. ललिता. दुसऱ्यावर, शालू. तिसऱ्यावर, शालूचा दीर. सुंदराबाई कुठंच नव्हती. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "चल, जाऊ," आणि काठी शोधायला लागले.

गाडी दीक्षानं भाड्यानं आणली होती. बडनेरा मागं पडलं. फादर इनास खिडकीशी बसले होते, डावा हात मांडीवर ठेवून. तो हात आता एखाद्याने सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा वाटे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सकाळी उठले तेव्हा बोटांत जीव नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. चालता येतंय, बोलता येतंय. आठवडाभरानं ते उपासनेला वेदीपाशी उभे राहिले आणि मिस्सेत जिवंतांची नावं घ्यायची जागा आली, तेव्हा थोडक्यात निभावलं नव्हतं हे त्यांना समजलं. मिस्साविधीच्या जुन्या प्रार्थनेत अशा दोन जागा आहेत. एक भाकर आणि द्राक्षारस अर्पण होण्याआधी, जिवंतांसाठी. दुसरी त्यानंतर, मेलेल्यांसाठी. दोन्ही ठिकाणी धर्मगुरू हात जोडून क्षणभर थांबतो आणि मनात नावं घेतो. बहुतेक जण ही लांब प्रार्थना टाळतात, छोटी घेतात. फादर इनासनी ती तीस वर्षं टाळली नाही, आणि त्याचं कारण कोणाला सांगितलं नाही. जोडलेल्या हातांच्या आत त्यांचे अंगठे चालत. उजव्याची बारा पेरं, डाव्याची बारा पेरं. चोवीस पेरं, चोवीस माणसं. लकव्यानं डावा हात नेला आणि हाताबरोबर बारा माणसं नेली.

नव्वद साली बौद्धांना केंद्राच्या आरक्षणाच्या सवलती मिळाल्या. ख्रिस्ती लिहिलं की त्या जात. तेव्हा फादर इनास मूर्तिजापूर धरून आसपासची वीस-बावीस गावं पाहत. आधी सायकल, मग लूना. खिशात पोरांसाठी फुटाणे. टीबीच्या माणसाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारे, अंगावरची सोलापुरी चादर देऊन थंडीत तसेच परत येणारे, कोणाच्याही ओट्यावर झोपणारे फादर. लोक त्यांना संत म्हणत. बरोबरीचे धर्मगुरूही म्हणत, पण हसून. एका संध्याकाळी ललिता नावाच्या बाईनं विचारलं, "फादर, मले येशूचं व्हाचं हाय, पन पोराचं सर्टिफिकेट गेलं तं तो मले जित्ती ठेवीन का?" त्यांनी आठ दिवस विचार केला. रजिस्टर ही माणसांनी माणसांसाठी ठेवलेली वही आहे. कोरी जागा म्हणजे खोटं नव्हे. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा मनात घोळवलं की ते कुठंतरी छापलेलं वाचल्यासारखं वाटू लागलं. ललिताला बाप्तिस्मा दिला आणि तिला तर्जनीच्या पहिल्या पेरावर ठेवलं. बिशपांना कळवलं नाही. कागदावर लिहिलं नाही, कारण कागद सापडतो. तेरा वर्षांत चोवीस पेरं भरली. पंचविसावी बाई आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, नोंद करूनच घे. ती पुन्हा आली नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती हे मात्र आज लख्ख आठवत होतं. त्या बाईची साडी कोणत्या रंगाची होती तेही आठवत होतं. जिला दिला नाही ती आठवते, हे काय आहे?

"तुमाले आनंद आठवते का?" दीक्षानं विचारलं. "माहा लहान भाऊ. चार महिन्याचा होता." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघून सांगत होती. ब्याण्णव साली त्याला मेंदूज्वर झाला, मिशनच्या दवाखान्यात नेला. वाचत नाही म्हटल्यावर फादरनीच त्याच्या कपाळावर पाणी घातलं आणि अकोल्याच्या कबरस्तानात पुरला. त्याची नोंद आहे. फादर विल्यमनी काल तिला ती दाखवली. मेलेल्या लेकराला सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून त्याचं नाव निळ्या शाईत, वळणदार अक्षरात होतं. "माय म्हणे, लेकरू तिकडं एकटं हाय, त्याले ओळखीचं कोनी नाई. त्याच्यासाठीच तिनं बाप्तिस्मा घेतला. बाबा म्हणाले, तुले जे कराचं ते कर, माह्या कागदाले हात लावू नोको. तुमी एक वर्ष शिकवलं तिले. म्हणे, लेकरासाठी नाई, देवासाठी घे. माय म्हणे, मले दोगं येकच दिसतेत." ड्रायव्हर पुढून हसला, मग चूक झाल्यासारखा गप्प बसला. फादर इनासही हसले. हे वाक्य ऐकून माणूस कसं विसरेल? "कुठं दिला मी?" त्यांनी विचारलं. "आमच्या क्वार्टरमागं. हापशापाशी. मी पुढच्या दारात बसली होती, कोनी आलं तं आवाज द्याले. तुमी मले फुटाण्याची पुडी देली होती."

हापसा. क्वार्टर. फुटाणे. त्यांनी डोळे मिटले आणि थांबले. थोड्या वेळानं एक बाई दिसली, डोक्यावरचा पदर मागं सरकवलेली, केस मोकळे, वाकलेली. पितळी तांब्या. हापशाच्या दांड्याचा कुरकुर आवाज. ओल्या सिमेंटवर एक कोंबडी. पाणी केसांतून मानेवर गेलं तेव्हा बाईनं खांदे आक्रसले.  आली. ते बोलणार होते, तेवढ्यात त्यांना वाटलं, कोंबडी हिनं सांगितली नाही. म्हणजे ती खरी. पण कोंबडी तर कुठंही असते. तांब्याही. जूनमध्येही असंच झालं होतं. नागपूरकडचा एक पोरगा लग्नाचा कागद घेऊन आला. म्हणाला, तुम्हीच मला बाप्तिस्मा दिला. त्यांना तेव्हाही दिसलं होतं, तान्हं मूल, पांढरं टोपडं, खिडकीतून पडलेलं ऊन. त्यांनी सही केली. पंधरा दिवसांनी पोराची नोंद दुसऱ्याच शहरात सापडली. फादर इनास तिथं कधी गेलेही नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी बिशपांना पत्र लिहिलं, उजव्या हातानं, स्वच्छ अक्षरात: माझी आठवण विश्वासार्ह राहिलेली नाही. माझ्या सांगण्यावरून कोणतीही नोंद करू नये. पत्राची प्रत सगळ्या चर्चना जावी अशी विनंती त्यांनीच केली होती. बिशप फोनवर म्हणाले, फादर, एवढा प्रामाणिकपणा कुठं बघायला मिळतो.

मूर्तिजापुरात दीक्षानं गाडी आत घ्यायला लावली. रेल्वेचे जुने क्वार्टर पाडले होते. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ बाभळींत शिरले होते. हापसा असायचा तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं आणि दुकानासमोर काँक्रीट. दीक्षा खाली उतरली, पावलं मोजत गेली आणि एका जागी उभी राहिली. "अठी," ती म्हणाली. फादर इनास काठी टेकत तिथवर गेले. खाली बघितलं. दुकानदार आतून म्हणाला, "नेटवर्क नाई आज, बाबाजी." ते परत येऊन गाडीत बसले. पुढच्या चाळीस किलोमीटरमध्ये त्यांनी उजव्या हातावर तीनदा बारा नावं घेतली. तिसऱ्यांदा अकराच भरली.

अकोल्यात चर्चच्या फाटकाबाहेर शववाहिका उभी होती, इंजिन बंद, मागची दारं लावलेली. धर्मेंद्र तिच्या सावलीत उभा होता. दीक्षाचा भाऊ, पाटबंधारे खात्यात लिपिक, शर्ट इन केलेला. त्यानं फादरना नमस्कार केला आणि बहिणीला म्हणाला, "दोन वाजून गेले." दीक्षा म्हणाली, "घड्याळ मलेबी हाय." ऑफिसात फादर विल्यम उठून उभे राहिले, म्हाताऱ्यांना स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. चाळिशीचा माणूस, जालन्याकडचा, डोळ्यांखाली काळं. सकाळपासून जेवला नसावा. टेबलावर दोन वस्तू होत्या: ब्याण्णव सालचं रजिस्टर आणि जूनमधल्या पत्राची प्रत. फादर इनासनी आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. अक्षर चांगलं होतं.

"सुंदराबाईंना मी ओळखतो, फादर," विल्यम म्हणाले. "महिन्यातून एकदा कबरस्तान झाडायला यायच्या. पैसे द्यायला गेलो तर नको म्हणायच्या. मिस्सेच्या वेळी बाहेर चपलांपाशी बसायच्या. ह्या ख्रिस्ती असतील असं मला एकदाही वाटलं नाही. मी विचारलंसुद्धा नाही." मग त्यांनी दीक्षाकडे वळून सांगितलं की गेल्या वर्षी एका दफनावरून फाटकावर माणसं जमली होती, धर्मांतराची तक्रार झाली, तेव्हापासून ज्याचं नाव रजिस्टरात त्यालाच जागा, असा वरून आदेश आहे. साक्ष चालते, पण ती निःशंक पाहिजे. दीक्षा म्हणाली, "मंग हे बसले ना समोर. याहिच्याहून निःशंक कोन हाय?" विल्यमनी पत्रावर हात ठेवला, पण ते उलगडलं नाही.  "माझ्या आजोबांनी नोंद केली, फादर," ते म्हणाले, आवाज न चढवता. "म्हणून बापाला सवलत नाही, मला नाही. बहिणीला बारावीत चांगले मार्क होते, सरकारी नर्सिंगची सीट तीन मार्कांनी गेली. ती शेतावर मजुरीला जाते. आम्ही लिहिलेले आहोत. तुम्ही ह्या लोकांना वाचवलंत. आम्हाला कोणी विचारलं नाही की लिहू का नको." दीक्षानं मान खाली घातली. तिच्या गळ्यात सरकारी दवाखान्याचं ओळखपत्र होतं, सकाळी काढायचं राहून गेलेलं. ते तिनं सावकाश पदराखाली घेतलं.

"पण ते जाऊ द्या," विल्यम म्हणाले. "मी हे पत्र बाजूला ठेवतो. मला मिळालं नाही असं समजतो, पुढं जे होईल ते मी बघेन. तुम्ही बायबलवर हात ठेवून एकच सांगा. तुम्हाला आठवतं का? नुसतं हो म्हणा. खड्डा खणलेला आहे, मी सकाळीच खणून घेतला." त्यांनी बायबल टेबलाच्या मधोमध सरकवलं. हा पोरगा आपल्याला वाट करून देतोय, आपल्यापेक्षा हा चांगला धर्मगुरू आहे, हे फादर इनासना कळत होतं. त्यांनी उजवा हात उचलून पुस्तकावर ठेवला. कव्हर गार होतं. डोळ्यांपुढं हापसा होता, ओलं सिमेंट, बाईचे आक्रसलेले खांदे. सगळं इतकं स्पष्ट की तांब्याच्या काठाला पडलेला पोचा दिसत होता. हो म्हणायला काय लागतं? एक श्वास. ती तिच्या लेकराजवळ जाईल. देव काय, त्याला माहीतच आहे. पण त्याला माहीत असणं आणि आपण शपथेवर सांगणं या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यभर वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या वेगळ्या होत्या म्हणूनच तर कोरी जागा खोटी ठरत नव्हती. आता त्या एक केल्या तर चोवीस जागा एकदम खोट्या होत होत्या. की हा विचारसुद्धा भीतीच? जूनसारखं पुन्हा पकडलं जाण्याची? त्यांना ठरवता येईना. ठरवता येत नाही एवढंच त्यांना नक्की माहीत होतं, आणि तेच त्यांनी सांगितलं. "मला दिसतंय," ते म्हणाले. "पण हिनं सांगितल्यावर दिसायला लागलं. सकाळी ही आली तेव्हा मला हिच्या आईचं नावसुद्धा आठवत नव्हतं."

विल्यमनी डोळे मिटले. बाहेर कोणीतरी शववाहिकेचं दार उघडून पुन्हा लावलं. दीक्षा रडली नाही. ती खुर्चीतून उठली आणि फादर इनासच्या समोर येऊन उभी राहिली. "आज खरं बोलाले आठवलं तुमाले," ती म्हणाली. "एवढे वर्षं वही कोरी ठेवली, तवा काहून नाई आठवलं? माय दर महिन्याले झाडू घेऊन आली अठी. लेकराजवळ बसाले तिले झाडू लागे, फादर. झाडू." विल्यम म्हणाले, "ताई." ती म्हणाली, "तुमाले नाई म्हणून राहिली मी. तुमी तं खड्डा खंदला." आणि बाहेर गेली.

फाटकात धर्मेंद्र ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. फादर इनासना पाहून तो थांबला, जवळ आला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्याचे डोळे सुजले होते. तोही कालपासून रडलाच असणार, फक्त कुणासमोर नाही. "राग नोका धरू तिचा," तो हळू म्हणाला. "माही नोकरी तुमच्यानं वाचली, फादर. दोनदा. एकदा तवा, अन् एकदा आज." तो मनापासून बोलत होता. त्याला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून शीतपेटीवरचा झेंडूचा हार दिसला, आणि ती वळणावर गेली. फादर इनास त्यामागं मोक्षधामात गेले नाहीत. कोणी चला म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. विल्यमनी त्यांना कबरस्तानात नेलं. आनंदची कबर भिंतीलगत होती, हातभर सिमेंटचा क्रूस, आजूबाजूला एक काडी की पान नाही, इतकं झाडलेलं. तिच्या शेजारी नवा खड्डा, माती एका बाजूला नीट रचलेली. विल्यमनी फावडं उचललं. दहा मिनिटं ते एकटेच माती परत लोटत राहिले आणि फादर इनास काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिले. रिकामा खड्डा बुजवताना म्हणायची प्रार्थना कुठल्याच पुस्तकात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची मिस्सा त्यांची होती. अमरावतीच्या त्या घराच्या प्रार्थनागृहात पाच म्हातारे धर्मगुरू आणि सेवा करणाऱ्या दोन सिस्टर. फादर इनासनी लांब प्रार्थनाच घेतली. जिवंतांची जागा आली. त्यांनी हात जोडले, उजवा अंगठा पहिल्या पेरावर गेला, आणि ललिताच्या जागी सुंदराबाई आली. दुसऱ्या पेरावरही सुंदराबाई. तिसऱ्यावरही. तांब्या, हापसा, मोकळे केस, सगळ्यांसकट. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही जिवंतांची जागा आहे. ती आता इथं नाही, ती पुढं, दुसऱ्या जागी. त्यांना जवळजवळ आनंद झाला. एवढं तरी करता येईल. निदान तिथं तिचं नाव घेता येईल, तिथं कोणी रजिस्टर मागत नाही. ते पुढं वाचत गेले. भाकर उचलली, ठेवली. प्याला उचलला, एका हातानं, दुसरा नुसता लावून. छोटी घंटा वाजली. गुडघा टेकून उठायला वेळ लागला. सिस्टरनी कोपर धरलं. ते पानावर बोट ठेवून सावकाश पुढं सरकत राहिले. मेलेल्यांची जागा आली. त्यांनी हात जोडले.

पुढची ओळ येत नाही म्हटल्यावर सिस्टरनी मान वर केली. म्हातारे वाट बघत होते. एकाला खोकला आला, त्यानं तो दाबला. खिडकीबाहेर दूधवाल्याची गाडी येऊन थांबली आणि गेली. फादर इनास हात जोडून उभे होते. उजवा अंगठा एका पेरावरून दुसऱ्या पेरावर जात होता, बाराव्यापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यावर येत होता. कोणीतरी होतं. एक बाई होती, इथं तिच्यासाठीच थांबायचं होतं. तिच्या हातात झाडू होता.